आधी बेरीज करा, मग रेघ मारा: मन दुखावलं की कडू न होता बाहेर कसं पडायचं

आमच्या दादांचं (म्हणजे वडिलांचं) सोलापुरात अक्कलकोट रोडला किराणा दुकान होतं, छोटंसंच, आजूबाजूला सगळे लूमचे कारखाने आणि विड्या वळणाऱ्या बायकांची घरं, त्यामुळे निम्मा धंदा उधारीवर. एखादं गिऱ्हाईक भिवंडीला निघून गेलं किंवा घरातला कर्ता माणूस वारला आणि आता हे पैसे काही येत नाहीत असं दिसलं की दादा ते पान काढायचे, चष्मा लावायचे आणि सगळ्या पानाची बेरीज करायचे. साबण, पामतेल, चहापत्ती, शेंगदाणे, एकेक ओळ. शेवटी आकडा मोठ्यानं म्हणायचे, अठराशे चाळीस, आणि मग त्यावर आडवी रेघ. मी एकदा विचारलं, सोडायचेच आहेत तर बेरीज कशाला करायलाव? तर म्हणाले, "किती सोडले तेच माहीत नसंल तर सोडले म्हणायचं कसं गं?"

क्षमेवर मी चर्चमध्ये आजवर शंभर तरी उपदेश ऐकले असतील. क्षमा करा हे सगळे सांगतात, पण नेमकं करायचं काय, सोमवारी सकाळी भांडी घासताना डोक्यात तेच चालू झालं की काय करायचं, हे कुणी सांगत नाही. मला ते दादांच्या वहीमुळे कळलं आणि तेही पन्नाशी गाठल्यावर. मी पाळकीण नाही, बायबल कॉलेजला गेलेली नाही, जे करून बघितलं ते लिहितेय.

आधी माझं काय झालं ते थोडक्यात सांगते. हंगामाच्या सणाला (पीक हाती आल्याबद्दल देवाचे आभार मानायचा चर्चचा सण) आमच्याकडे लिलाव असतो, लोक भोपळे, ज्वारी, कोंबड्या, केक काय काय आणतात आणि उपासना झाल्यावर बोली लागते. त्या वर्षी वही आणि पैशाची पिशवी माझ्याकडे. संध्याकाळी मोजलं तर ६,२०० कमी. आणि माझी मैत्रीण, संडे स्कूलपासूनची, माझ्या बाळंतपणात रात्रभर बसलेली, ती पंचमंडळींसमोर (म्हणजे चर्चच्या कमिटीसमोर) म्हणाली, "पैसे तर हिच्याकडंच होते, मला काय माहीत." बस एवढंच. खोटं काहीच नव्हतं त्यात, पण ज्या सुरात म्हणाली ना, तिथं बसलेल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. महिनाभरानं निघालं काय, तर एकानं बोकडावर बोली लावली होती, बोकड नेलं आणि पैसे द्यायचे राहिले होते. मिळाले पैसे. माझी माफी मात्र कुणी मागितली नाही. "झालं ना क्लिअर, सोड की आता."

आणि सोलापुरात आपण मंडळी (म्हणजे चर्च) बदलूनही जाऊन जाऊन जाणार कुठं? इथं मिशनचं काम सुरू झालं १८६० च्या दशकात, चार-पाच पिढ्या त्याच घरांच्या त्याच घरांत सोयरिकी, ज्याच्यावर रागवाल तो कुणाचा तरी मामा निघतो. लग्नात भेटणार, मयतीत भेटणार, सात रस्त्याच्या सिग्नलला भेटणार.

तर पहिली गोष्ट, लगेच "मी माफ केलं" म्हणू नका. मी म्हणाले होते, दुसऱ्याच दिवशी, पास्टरांसमोर, हसत. चांगलं ख्रिस्ती दिसायची घाई. आणि त्याच आठवड्यात रात्री अडीचला नळाला पाणी आलं (आपल्याकडे पाणी रोज कुठं येतंय, आलं की उठायलाच लागतं), मी पिंप भरतेय आणि ह्यांनी आतून विचारलं, "कुणाशी बोलायलीस?" मी तिच्याशी भांडत होते. मोठ्यानं. पाइप हातात धरून. तिचे डायलॉगही मीच म्हणत होते आणि प्रत्येक वेळी मीच जिंकत होते.

ही कडूपणाची खूण आहे बघा. राग येणं वेगळं आणि कडू होणं वेगळं. इफिसकरांच्या पत्रात चौथ्या अध्यायात पौल रागवा पण पाप करू नका म्हणतो, आणि पुढे पाच ओळींवर सगळा कडूपणा दूर करा म्हणतो, म्हणजे दोन्ही एकच असते तर त्यानं असं लिहिलंच नसतं. राग म्हणजे चटका. कडूपणा म्हणजे त्या चटक्याला रोज उगाळत बसणं. तिच्या मुलाचं ॲडमिशन हुकलं ऐकून आतून बरं वाटलं, तिनं केलेली करंजी मुद्दाम घेतली नाही, तिच्या गल्लीवरून जायला नको म्हणून पुढच्या चौकातून वळसा मारला, कुठलाही विषय निघाला की फिरून तिच्यावरच आला. ह्यातलं दोन-तीन जरी तुमचं होत असेल तर मूळ धरलंय. इब्री लोकांस पत्रात, बाराव्या अध्यायात, कडूपणाचं मूळ असाच शब्द आहे, आणि ज्यांच्या रानात हराळी किंवा कुंदा आहे त्यांना सांगायला नको की वरवर खुरपून ते जात नाही, पाऊस पडला की परत वर.

म्हणून बेरीज. एक वही घ्या, मोबाइलवर नको, कारण मोबाइलवरचं चुकून कुणाला तरी फॉरवर्ड होतं. एकटं बसा आणि लिहा की नक्की काय झालं. कोण काय म्हणालं, जसंच्या तसं, "नेहमीच असं करते" हे नाही. मग त्यामुळे माझं काय गेलं ते लिहा. इथं वेळ लागतो. मला वाटलं होतं माझी इज्जत गेली, लिहायला बसल्यावर कळलं की इज्जत दहा टक्केच, खरं गेलेलं दुसरंच होतं: बाजूला बसून गाणं म्हणणारं माणूस गेलं. तेवीस वर्षं आम्ही एका बाकावर बसलो होतो, एकाच गीताच्या पुस्तकात बघून. ते लिहिलं आणि मी रडले, महिन्यात पहिल्यांदा. तिथपर्यंत फक्त संतापच चालला होता.

काही जणांना वाटतं असं लिहिणं म्हणजे जखम उकरणं. मला नाही पटत. मत्तयच्या अठराव्या अध्यायातली ती गोष्ट बघा, राजानं चाकराचं दहा हजार तालांत कर्ज सोडलं आणि त्या चाकरानं आपल्या सोबत्याची शंभर दिनारांसाठी मान धरली. उपदेशात नेहमी सांगतात की शंभर दिनार म्हणजे किरकोळ. किरकोळ कुठं? एक दिनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी, द्राक्षमळ्याच्या दाखल्यात तसं स्पष्टच आहे. आपल्याकडे लूमवरच्या माणसाची हजेरी पाचशे धरली तर शंभर दिवसांचे पन्नास हजार झाले, विचारा एखाद्या कामगाराला पन्नास हजार किरकोळ आहेत का! येशू तुमचं दुखणं छोटं म्हणतच नाही. तो म्हणतो पन्नास हजार खरेच आहेत, फक्त तुझ्या नावावर जे होतं ते बघ. एक तालांत म्हणजे सहा हजार दिनारांच्या आसपास, त्याचे दहा हजार म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी, कुणाच्या बापाकडून फिटायची नाही. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघितले की हाताची मूठ जरा सैल होते. पण दोन्ही आकडे लागतात. एकच ठेवला तर नुसती अपराधी भावना येते.

बेरीज झाली की ती घेऊन देवाकडे जा, माणसाकडे नंतर. आणि छान छान प्रार्थना करू नका. स्तोत्र ५५ काढा आणि मोठ्यानं वाचा, घरात कुणी नसताना. त्यात दावीद म्हणतो की शत्रूनं निंदा केली असती तर सोसलं असतं, पण तू निघालास, माझ्या जोडीचा, आपण मिळून देवाच्या घरी जायचो. मी ते पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण हे तर आमच्या बाकाचंच लिहिलंय. त्याच स्तोत्रात पुढे त्यांना मरण गाठो वगैरेही आहे. ते पण वाचा. देवाला तुमचा राग ऐकून धक्का बसत नाही, आणि तिथं ओतला की तो नवऱ्यावर, सुनेवर, रिक्षावाल्यावर कमी निघतो.

लक्ष्मीबाई टिळकांचं मला ह्याच बाबतीत फार वाटतं. नारायण वामन टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला तेव्हा ह्या बाईवर आभाळच कोसळलं, नवरा जिवंत असून काही वर्षं ताटातूट, त्यातला काही काळ त्या आपल्याच जिल्ह्यात पंढरपूरला होत्या. पुढे त्या परत संसाराला आल्या, स्वतःच्या विचारानं ख्रिस्ती झाल्या, आणि म्हातारपणी हे सगळं लिहिलं ते असं की दुःख एक आणाही कमी करून सांगितलं नाही आणि तरी वाचताना हसू येतं. बेरीज पूर्ण, रेघ पण पूर्ण.

आता एक पथ्य, आणि हे मोडणारे आपल्यात लई आहेत. प्रार्थनेचा विषय म्हणून चुगली करू नका. "ताई, अमक्या बहिणीसाठी प्रार्थना करा हं, तिच्या जिभेवर प्रभूनं काम करावं" असं म्हणून कॉटेज मीटिंगला (घरोघरी होते ती प्रार्थनासभा) सगळा किस्सा सांगायचा. मी केलंय, म्हणून माहितीय. एका आठवड्यात ते जुळे सोलापूरपर्यंत पोचलं होतं. एकाच माणसाला सांगा, जो ऐकेल आणि पोटात ठेवेल, शक्यतो दोघींना न ओळखणारा.

मग तिच्याकडे जायचं, एकटं. मत्तय १८ चा तोच अध्याय, क्रमही दिलाय: आधी तुम्ही दोघंच, नाही ऐकलं तर एक-दोघांना घेऊन, मग मंडळीला सांगा. आपण बरोबर उलट करतो, आधी मंडळीला कळतं, मग व्हॉट्सॲप ग्रुपला, सगळ्यात शेवटी त्या माणसाला. जाताना दोनच वाक्यं तयार ठेवा. एक काय झालं त्याचं, एक त्यानं मला काय झालं त्याचं. जुने किस्से घरी ठेवायचे.

मी गेले तेव्हा ती उखळात शेंगाची चटणी कुटत होती. मी म्हणाले, "त्या दिवशी तू पंचमंडळींसमोर पैसे हिच्याकडंच होते म्हणालीस, आणि माझ्या बाजूनं एक शब्द बोलली नाहीस, मला ते फार लागलं." तिनं कुटायचं थांबवलं नाही. दहा-बारा घाव झाल्यावर म्हणाली, "मग काय खोटं बोलले का मी? होतेच की तुझ्याकडं." मला वाटलं होतं ती रडेल, मी रडेन, मिठी मारू, साक्ष द्यायला एक किस्सा होईल. तसलं काही नाही. निघताना तिनं वर्तमानपत्राच्या कागदात चटणी बांधून हातात कोंबली. ती पुडी फ्रिजच्या दारात तीन आठवडे पडून होती, उघडवेना आणि टाकवेना.

जाऊन फायदा काय झाला मग? एकच, पण मोठा. डोक्यातलं भांडण बंद झालं, कारण ते खऱ्यात झालं होतं आणि मी हरलेही नव्हते जिंकलेही नव्हते. रोमकरांच्या बाराव्या अध्यायात लिहिलंय की शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तेवढं, सगळ्यांशी शांतीनं राहा. तुमच्याकडून होईल तेवढं. समोरच्याच्या वाटणीचं तुमच्या खात्यात नाही.

रेघ मारायचा दिवस मात्र तिच्या माफीवर अवलंबून ठेवू नका, नाहीतर तुमच्या घराची चावी तिच्या कनवटीला. माझं असं झालं की दोन महिने मी प्रभुभोजन (उपासनेतली भाकर आणि द्राक्षरस) घेत नव्हते, ताट आलं की पुढे सरकवायचे. एका रविवारी प्रभूची प्रार्थना म्हणताना "ऋण" शब्दावर अडकले. आपल्या मराठीत तिथं ऋणच आहे बघा, आमची ऋणे सोड जशी आम्ही आमच्या ऋण्यांची. लहानपणापासून पाठ, पण दादांची वही त्या दिवशी दिसली. घरी आले, ती बेरीज काढली, मोठ्यानं वाचली, देवाला म्हणाले, हे एवढं तिच्याकडून येणं आहे, मी मागणं सोडतेय, हिशोब आता तू बघ. आणि त्यावर आडवी रेघ मारली, तारीख टाकली. वाटलं काही नाही. काहीच नाही. भांडी घासायला गेले.

तारीख टाका, कामाला येते. कारण दोन दिवसांनी तेच परत वर येणार आणि सैतान (किंवा तुमचं डोकं, जे म्हणायचं ते म्हणा) सांगणार की तू माफ केलेलंच नाहीस. तेव्हा परत सगळं पहिल्यापासून करायचं नाही, फक्त म्हणायचं, त्या पानावर रेघ मारलीय, अमुक तारखेला. पेत्रानं विचारलं सात वेळा क्षमा करू का, तर येशू साताच्या सत्तर वेळा म्हणाला, मला आता वाटतं त्यातल्या चारशे वेळा तरी एकाच जुन्या चुकीसाठी लागतात.

तिच्यासाठी प्रार्थना करा, रोज, पण तिला सुधार अशी नाही. तिला बरं दे अशी. मी एका वाक्यावर सुरू केलं, दात ओठ खाऊन: प्रभू, तिच्या गुडघ्याला आराम दे. तिचे गुडघे खरंच दुखतात, तेवढं एकच मला तिच्याबद्दल मनापासून मागता येत होतं. पंधरा-वीस दिवसांनी त्यात तिच्या पोराची नोकरी आली, कधी आली कळलं पण नाही. चटणीची पुडीही त्याच सुमारास उघडली, ज्वारीच्या कडक भाकरीबरोबर, तेल घालून. चांगली झाली होती, मीठ जरा जास्त.

आता सगळ्यात जास्त चुकतात ती गोष्ट. दादा उधारी सोडायचे, पण तोच माणूस परत आला की पहिलं वाक्य, "या, पण आता नगद." रागानं नाही, चहा विचारून. क्षमा म्हणजे जुनं येणं सोडणं, नवीन उधारी चालू करणं नाही. शास्त्रात बघा ना, योसेफानं त्याला विकून टाकणाऱ्या भावांना मनातून कधीच सोडलं असेल, पण ते इजिप्तमध्ये त्याच्याकडे आल्या आल्या गळ्यात पडला नाही, शिमोनाला अडकवून ठेवलं, बन्यामिनाला आणायला लावलं, चांदीचा प्याला पोत्यात घातला, आणि यहूदा धाकट्यासाठी स्वतः गुलाम व्हायला तयार झाला तेव्हा कुठं रडून सांगितलं की मी योसेफ. पौलानं तीमथ्याला दुसऱ्या पत्रात आलेक्सांद्र तांबटाबद्दल लिहिलंय, त्यानं माझं फार वाईट केलं, प्रभू त्याचं बघेल, तू पण त्याच्यापासून जपून राहा. आणि त्याच अध्यायात मार्काला घेऊन ये, तो उपयोगी आहे असं पण लिहिलंय, ज्या मार्कावरून पौलाचं आपल्या सोबत्याशी, बर्णबाशी, एवढं फाटलं होतं. एकाला उधारी परत सुरू, एकाला नगद. पाचही बोटं सारखी नसतात हे पौलालाही माहीत होतं.

आणि जिथं मारहाण आहे, दारू पिऊन बायकोला बडवणं आहे, पोरांना कुणी हात लावतोय, तिथं हे माझं सगळं लिहिलेलं बाजूला ठेवा आणि आधी तिथून बाहेर पडा. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, पोलीस ११२. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा आहे, तो ख्रिस्ती बाईलाही लागू आहे. "क्षमा कर आणि घरी जा" असं सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांना माझ्याकडून नमस्कार सांगा, पण ऐकू नका. ग्लॅडिस स्टेन्स ह्या ऑस्ट्रेलियन मिशनरी बाईंचा नवरा आणि दोन्ही मुलं १९९९ च्या जानेवारीत ओडिशात गाडीत जाळली, त्यांनी क्षमा केली म्हणून जाहीर सांगितलं आणि कुष्ठरोग्यांचं काम सोडलं नाही, पण कोर्टातला खटला खटल्याच्या जागी चाललाच आणि शिक्षाही झाली. त्यांनी स्वतःचं येणं सोडलं. सरकारचं येणं त्यांनी सोडायचा प्रश्नच नव्हता.

झोप महिनोन्महिने लागत नसेल, जेवण जात नसेल तर नुसत्या प्रार्थनेवर राहू नका, डॉक्टरला दाखवा, टेलिमानस म्हणून सरकारची फुकट लाइन आहे १४४१६, तिथं बोला. दात दुखल्यावर जातोच की आपण.

माझ्या मैत्रिणीनं अजून माफी मागितलेली नाही. पहिलं वर्ष मी मागच्या बाकावर बसले, मग तिच्या पुढच्या, आता परत शेजारी, पण गीताचं पुस्तक मी माझं आणते, चष्म्याचा नंबर वेगळा झालाय हे एक कारण सांगायला बरं. गेल्या हंगामाच्या सणाला लिलाव संपला आणि तीच पिशवी घेऊन माझ्याकडे आली, सगळ्या बायका बघत होत्या, म्हणाली, "तू मोज गं, मला तुझ्याशिवाय कुणाचा हिशोब पटत नाही." मी एक क्षण काही बोलले नाही. मग चटई ओढली आणि म्हणाले, "बस इथं, दोघी मिळून मोजू. आणि सही करायला तिसरीला हाक मार, बोकडवाल्याचे आधी घे."

ती हसली. मग गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू, माझ्या शेजारी खाली बसली.